पावडरचा आलेख आणि त्यामागची फाइल

 

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे: पावडर एक्सआरडीच्या फाइली आणि त्या वाचणारी सॉफ्टवेअरं. पण सातारा-सांगली भागातल्या ज्या मुलामुलींनी एमएस्सीचा किंवा पीएचडीचा प्रोजेक्ट केलाय, त्यांना हा विषय चांगलाच ओळखीचा असेल. कॉलेजच्या प्रयोगशाळेत फेराइट तयार करायचं, भट्टीत भाजायचं, खलात घोटायचं, छोट्या पिशवीत भरून वर पेनने नंबर टाकायचा आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात किंवा आणखी कुठे यंत्र असेल तिथे पाठवायचं. काही दिवसांनी मेल येतो. त्यात एक आलेख असतो. तो आलेख आपण वर्डमध्ये चिकटवतो, शिखरांवर आकडे लिहितो, खाली लिहितो ‘स्फटिककणाचा आकार २१ नॅनोमीटर’, आणि विषय संपतो.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की तो आलेख म्हणजे मोजमाप नव्हे. मोजमाप त्याच्यामागच्या फाइलमध्ये आहे. ती फाइल मागून घ्या, तिच्यात काय आहे ते वाचायला शिका आणि ती जपून ठेवा. असं केलं नाही तर २१ हा आकडा बरोबर की चूक, हे पुढे कोणालाच तपासता येत नाही, तुम्हालासुद्धा नाही.

यंत्र नेमकं काय मोजतं?

थोडी उजळणी करू. स्फटिकात अणूंच्या थरांमध्ये ठरावीक अंतरं असतात. ठरावीक तरंगलांबीचे क्ष-किरण त्यावर टाकले, तर काही विशिष्ट कोनांनाच ते जोरात परत येतात. ब्रॅगचा नियम आपण बारावीत शिकतो: तरंगलांबी म्हणजे थरांमधलं अंतर गुणिले कोनाची साइन, गुणिले दोन. पावडरमध्ये लाखो बारीक स्फटिक सगळ्या दिशांना तोंड करून पडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक अंतराचं शिखर मिळतं. जर्मनीत डिबाय आणि शेरर यांनी १९१६ साली ही पद्धत मांडली, आणि त्याच सुमारास अमेरिकेत हल यांनी स्वतंत्रपणे.

या शिखराला प्रयोगशाळेत सगळे ‘पीक’ म्हणतात. सांगलीत पीक म्हटलं की ऊस आणि हळद डोळ्यांसमोर येते, म्हणून आज आपण शिखरच म्हणू.

यंत्र काय करतं, तर एकेका कोनावर थांबतं आणि किती क्ष-किरण आले ते मोजतं. समजा २० अंशापासून ८० अंशापर्यंत ०.०२ अंशाच्या पायरीने गेलो, तर ३००१ ठिकाणी मोजणी होते. म्हणजे फाइलचा गाभा ३००१ आकड्यांचा. फार मोठी गोष्ट नाही. पण त्या आकड्यांना अर्थ येण्यासाठी आणखी चार गोष्टी माहीत हव्यात: तरंगलांबी कोणती, सुरुवातीचा कोन आणि पायरी किती, प्रत्येक ठिकाणी किती सेकंद मोजलं, आणि यंत्राची मांडणी कशी होती. चांगली फाइल या चारही गोष्टी सोबत घेऊन येते. वाईट फाइलमध्ये नुसते आकडे असतात.

एकाच आडनावाच्या फाइली

आता फाइलच्या नावाशेवटी टिंबानंतर जी अक्षरं येतात, त्यांच्याकडे वळू. इथे पहिला गोंधळ होतो तो ‘रॉ’चा. ब्रुकरचं यंत्र डॉट रॉ फाइल देतं. रिगाकूचं जुनं यंत्रही डॉट रॉ देतं. श्टोचंही तेच. आणि जीसॅस नावाच्या सॉफ्टवेअरच्या फाइललाही डॉट रॉ म्हणायची पद्धत होती. चारही आतून वेगळ्या. आपल्याकडे पाटील आडनावाची चार घरं असतात, पण म्हणून ती एका कुळातली असतातच असं नाही, तसंच हे.

मग ओळखायचं कसं? सोपी युक्ती आहे. फाइलची एक प्रत करा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. मूळ फाइल उघडू नका, चुकून सेव्ह झाली तर खराब होईल. ब्रुकरच्या फाइलमध्ये पुढे सगळी अगम्य चिन्हं दिसतील, पण अगदी सुरुवातीला रॉ हा शब्द आणि त्यापुढे आवृत्तीचा आकडा वाचता येतो. जीसॅसची फाइल असेल तर ती साध्या मजकुराची असते. पहिल्या ओळीत शीर्षक, मग ‘बँक’ या शब्दाने सुरू होणारी ओळ, तिच्यात मोजण्यांची संख्या, सुरुवातीचा कोन आणि पायरी. तिथे २० अंशाऐवजी २००० दिसलं तर घाबरू नका. जीसॅस अंशाचा शंभरावा भाग एकक म्हणून वापरतं.

पॅनालिटिकलची यंत्रं एक्सआरडीएमएल नावाची फाइल देतात. ती साध्या मजकुराची आहे आणि तिच्यात प्रत्येक गोष्टीला नाव दिलेलं आहे. तरंगलांबी इथे, कोनांची सुरुवात आणि शेवट इथे, मोजण्याचा वेळ इथे, आणि मग मोजण्यांची लांबलचक रांग. सॉफ्टवेअर नसलं तरी माणूस ती वाचू शकतो. रिगाकूची आरएएस फाइलही साध्या मजकुराची असते. तिच्या वरच्या भागातल्या ओळी तारकाचिन्हाने सुरू होतात आणि यंत्राची सगळी माहिती तिथे मिळते. ब्रुकरची नवी बीआरएमएल फाइल म्हणजे खरं तर झिप केलेलं गाठोडं आहे. शेवटची अक्षरं बदलून झिप केलं की ती उघडते आणि आत वाचता येण्यासारख्या फाइली दिसतात.

आणि मग आपली सगळ्यांची आवडती फाइल, एक्सवाय. दोन रकाने, एकात कोन आणि दुसऱ्यात मोजणी. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते, एक्सेलमध्येही उघडते, म्हणून सगळे तीच मागतात. पण तिच्यात तरंगलांबी नाही, वेळ नाही, यंत्राचं नाव नाही. एक्सवायई असेल तर तिसरा रकाना येतो, त्यात प्रत्येक मोजणीची अनिश्चितता असते. तेवढीच सुधारणा.

या सगळ्यांपलीकडे एक सामाईक नमुना आहे, पावडर सिफ. सिफ म्हणजे स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वीकारलेली माहिती-फाइल. १९९१ साली ती मांडली गेली आणि नंतर पावडरसाठी तिचा वेगळा शब्दकोश तयार झाला. मूळ मोजण्या, त्यांवर केलेली प्रक्रिया आणि शेवटचं मॉडेल, हे सगळं एकाच मजकुराच्या फाइलमध्ये ठेवता येतं. कंपनी बंद पडली, सॉफ्टवेअर गेलं, तरी ही फाइल वाचता येईल.

तरंगलांबी हरवली तर

हे सगळं कशासाठी, असं कोणी म्हणेल. म्हणून एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. आपल्या भागात फेराइटवर बरंच काम होतं, तेव्हा कोबाल्ट फेराइटच घेऊ. त्याच्या घनाकार पेशीची बाजू साधारण ८.३९ अँगस्ट्रॉम. सगळ्यात उंच शिखर ३११ या थरांचं, अंतर २.५३ अँगस्ट्रॉम. तांब्याची नळी असलेल्या यंत्रात, म्हणजे तरंगलांबी १.५४०६ धरून, हे शिखर ३५.५ अंशाच्या आसपास येतं. हा आकडा फेराइटवाल्यांना झोपेतही आठवतो.

पण लोखंड असलेल्या नमुन्यांची एक अडचण आहे. तांब्याच्या नळीचे क्ष-किरण लोखंडाच्या अणूंना इतके उद्दीपित करतात की ते अणू स्वतःच क्ष-किरण सोडायला लागतात. मग आलेखाची पार्श्वभूमी वर उचलली जाते आणि बारीक शिखरं त्यात बुडतात. म्हणून काही प्रयोगशाळा कोबाल्टची नळी वापरतात. तिची तरंगलांबी १.७८९० अँगस्ट्रॉम, आणि तिची ऊर्जा लोखंडाला उद्दीपित करायला थोडी कमी पडते. पार्श्वभूमी स्वच्छ येते. मात्र तेच ३११ शिखर आता ४१.४ अंशाला दिसतं.

समजा ही मोजणी एक्सवाय फाइल होऊन तुमच्याकडे आली. कोबाल्टची नळी होती हे कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही सवयीने तांब्याची तरंगलांबी घातली. मग पेशीची बाजू निघते ७.२३ अँगस्ट्रॉम. कोबाल्ट फेराइटसाठी हा आकडा अशक्य आहे, त्यामुळे जाणकार माणूस थांबेल. पण नवीन संयुग असेल, पेशीची बाजू आधी माहीतच नसेल, तर थांबणार कोण? डेटाबेसमध्ये शोधत बसाल, काहीच जुळणार नाही, आणि शेवटी नमुना अशुद्ध आहे असं समजून टाकून द्याल. मूळ फाइल सोबत असती तर हा प्रश्नच आला नसता.

माती आणि जांभा

ज्यांचा फेराइटशी संबंध नाही, त्यांच्यासाठी सांगलीची माती आणि साताऱ्याचा दगड घेऊ.

कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. त्याला कारण तिच्यातली स्मेक्टाइट गटातली चिकणमाती. तिच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि थर लांब जातात. हवेत सुकलेल्या नमुन्यात हे अंतर साधारण १५ अँगस्ट्रॉमपर्यंत असतं. इथिलीन ग्लायकॉलची वाफ दिली की ते १७ च्या आसपास जातं, आणि हीच तिची ओळख पटवण्याची खूण. तांब्याच्या नळीने १५ अँगस्ट्रॉमचं शिखर ५.९ अंशाला येतं, १७ चं ५.२ अंशाला.

आता आपल्याकडे नमुना पाठवताना फॉर्मवर काय लिहितात? ‘२० ते ८० अंश’. कारण फेराइटवाल्यांनी तसं लिहिलं आणि पुढच्यांनी ते उतरवलं. मातीसाठी हे लिहिलं तर जे शोधायला निघालो तेच मोजलं जात नाही. क्वार्ट्झ दिसेल, फेल्डस्पार दिसेल, आणि अहवालात येईल की चिकणमाती आढळली नाही. पाचगणीच्या किंवा महाबळेश्वरच्या पठारावरचा जांभा पाठवलात तरी तीच गत. केओलिनाइटचं मुख्य शिखर १२.४ अंशाला आणि गिब्साइटचं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या खनिजाचं, १८.३ अंशाला. दोन्ही २० च्या खाली. गोएथाइट आणि हेमॅटाइट तेवढे हाती लागतील.

म्हणून फाइल उघडल्यावर पहिल्यांदा सुरुवातीचा कोन बघा. एखादं खनिज ‘नाही’ असं म्हणण्याआधी ते दिसू शकेल इतकी मोजणी झाली होती का, हे तिथेच कळतं.

सॉफ्टवेअर कोणतं?

हा प्रश्न आम्हाला दरवेळी विचारला जातो. सॉफ्टवेअरांची कामं वेगळी आहेत, ती आधी वेगळी करू.

पहिलं काम फाइल एका रूपातून दुसऱ्या रूपात नेण्याचं. यासाठी पॉवडीएलएल नावाचा कन्व्हर्टर बराच वापरला जातो. ग्रीसमधल्या एका संशोधकाने तो तयार केलाय. बदलल्यानंतर दोन गोष्टी तपासा: मोजण्यांची संख्या तेवढीच आहे का, आणि सगळ्यात उंच शिखर त्याच कोनावर आहे का. एवढं केलं तरी बऱ्याच चुका तिथेच सापडतात.

दुसरं काम नमुन्यात काय आहे ते ओळखण्याचं. यासाठी डेटाबेस लागतो. आपल्या प्रबंधांत अजून ‘जेसीपीडीएस कार्ड नंबर’ लिहितात. त्या संस्थेचं नाव १९७८ सालीच बदलून आयसीडीडी झालं, पण आपली सवय गेलेली नाही. तो डेटाबेस विकत घ्यावा लागतो. मोफत हवा असेल तर क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस आहे, त्यात पाच लाखांहून जास्त रचना आहेत. इटलीत बारीला तयार झालेलं क्वालएक्स हे सॉफ्टवेअर तो वापरतं. विकतच्यांपैकी मॅच आणि हायस्कोअर आपल्याकडे जास्त दिसतात.

तिसरं काम संपूर्ण आलेखाला मॉडेल बसवण्याचं, म्हणजे रीटव्हेल्ड पद्धत. नेदरलँड्समध्ये पेटनला ह्यूगो रीटव्हेल्ड न्यूट्रॉनच्या मोजण्यांवर काम करत होते. शिखरं एकमेकांत मिसळलेली असायची. त्यांनी शिखरं वेगळी करण्याचा नाद सोडला आणि प्रत्येक मोजणीचा बिंदूच हिशोबात घेतला. त्यांचे मूळ लेख १९६७ आणि १९६९ चे. हे करणारी मोफत सॉफ्टवेअरं आज बरीच आहेत. फुलप्रॉफ फ्रान्समधल्या ग्रनोबलहून येतं. जीसॅस मूळ लॉस अलामॉसचं आणि त्याचा नवा अवतार जीसॅस-टू आर्गोनचा. मॉड इटलीतल्या त्रेंतोचं. माती-खनिजांसाठी प्रोफेक्स सोयीचं आहे.

यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर फाइलबद्दल काहीतरी गृहीत धरतं. फुलप्रॉफमध्ये इन्स नावाचा एक आकडा भरावा लागतो. तिथे शून्य टाकलं तर ते समजतं की वर सुरुवात, पायरी, शेवट आहे आणि खाली नुसत्या मोजण्या. दहा टाकलं तर कोन, मोजणी आणि अनिश्चितता असे रकाने शोधतं. आकडा चुकला तर एक तर फाइल उघडत नाही, किंवा उघडते आणि आलेख विचित्र दिसतो. विद्यार्थी म्हणतो सॉफ्टवेअर खराब आहे. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलं तेच करत असतं. जीसॅस-टू पॅनालिटिकल, ब्रुकर आणि रिगाकूच्या फाइली सरळ उघडतं, पण यंत्राची माहिती देणारी वेगळी फाइल मागतं. ती का मागतं, ते आता बघू.

२१ की ३०?

शेररचं सूत्र सगळ्यांना पाठ आहे. शिखर जितकं रुंद, तितके स्फटिककण लहान. आपल्या कोबाल्ट फेराइटच्या ३५.५ अंशाच्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४० अंश निघाली, असं समजा. स्थिरांक ०.९ धरला, रुंदी रेडियनमध्ये केली, तर उत्तर येतं जवळजवळ २१ नॅनोमीटर.

पण यंत्र स्वतःही शिखर रुंद करतं. नमुना कितीही चांगला असला तरी शून्य रुंदीचं शिखर कुठलंच यंत्र देत नाही. ही यंत्राची रुंदी मोजायला लँथॅनम हेक्साबोराइडसारखा प्रमाणित नमुना त्याच यंत्रावर, त्याच मांडणीत मोजतात. ती ०.१२ अंश आली असं धरू. आता ही वजा कशी करायची? शिखराचा आकार गॉसियन मानला तर वर्गांची वजाबाकी करतात, उरतात ०.३८ अंश आणि उत्तर २२ नॅनोमीटर. लॉरेंट्झियन मानला तर सरळ वजाबाकी, उरतात ०.२८ अंश आणि उत्तर ३० नॅनोमीटर. खरा आकार बहुधा या दोन्हींच्या मधला असतो, आणि स्फटिकातला ताणही रुंदीत भर घालतो.

म्हणजे एकाच मोजणीतून २१, २२ आणि ३० असे तीन आकडे निघाले. प्रबंधात ‘आकार २१ नॅनोमीटर’ एवढंच लिहिलं, तर यातला कोणता रस्ता घेतला ते वाचणाऱ्याला कळत नाही. मूळ फाइल आणि प्रमाणित नमुन्याची फाइल असेल, तर पाच मिनिटांत पुन्हा काढता येतं.

नमुना धारकात नीट बसला नाही तरी घोटाळा होतो. २४० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रात पावडरचा पृष्ठभाग फक्त ०.१ मिलिमीटर खाली राहिला, तर आपलं शिखर सुमारे ०.०४५ अंश मागे सरकतं. त्या एका शिखरावरून पेशीची बाजू काढली तर ८.३९ ऐवजी ८.४० येते. डोपिंगमुळे पेशी वाढली असं आपण ज्या फरकावरून लिहितो, तो बऱ्याचदा एवढाच असतो. रीटव्हेल्ड करताना हे सरकणं हिशोबात धरता येतं, पण त्यासाठी पूर्ण मोजणी हवी. चार शिखरांचे छापील आकडे पुरत नाहीत.

आलेख सुंदर करण्याचा मोह

आलेख खरखरीत दिसला की आपल्याला तो गुळगुळीत करावासा वाटतो. ‘स्मूद’चं बटण दाबलं की छान दिसतो. पण त्याने शिखर रुंद होतं आणि शेजारच्या बिंदूंच्या मोजण्या एकमेकींत मिसळतात. पार्श्वभूमी कापून टाकली, सगळ्यात उंच शिखर १०० धरून बाकीचे आकडे त्या प्रमाणात केले, तर आणखी एक नुकसान होतं. क्ष-किरणांच्या मोजणीत अनिश्चितता मोजणीच्या वर्गमुळाएवढी असते. ४००० मोजले तर अनिश्चितता ६३. हे रीटव्हेल्डच्या हिशोबाचं मूळ आहे. ४००० चे १०० केले की वर्गमूळ १० येतं, आणि सॉफ्टवेअरला खरी अनिश्चितता कळायचा मार्ग उरत नाही.

याचं एक रूप अगदी सहज नजरेतून सुटतं. काही फाइलींत मोजण्यांऐवजी ‘दर सेकंदाला मोजण्या’ लिहिलेल्या असतात. प्रत्येक ठिकाणी १० सेकंद मोजलं असेल, तर सगळे आकडे दहापट लहान. सॉफ्टवेअर त्यांनाच मोजण्या समजतं आणि जुळणीचा आकडा, म्हणजे काय-स्क्वेअर, दहापट लहान देतं. खरा आकडा ११ असेल तर दिसतो १.१. आता १.१ म्हणजे उत्तम जुळणी, असं आपण शिकलेलो असतो. आम्ही स्वतः एकदा असा १.१ मोठ्या आनंदाने फळ्यावर लिहिला होता. नंतर मूळ फाइलमध्ये वेळेचा रकाना बघितला आणि मुकाट्याने पुसला. मूळ फाइल नसती तर तो आकडा छापून गेला असता.

आणि एक गोष्ट फाइल कितीही चांगली असली तरी मिळत नाही. लोखंड आणि कोबाल्ट आवर्तसारणीत शेजारी, २६ आणि २७. क्ष-किरणांना ते जवळजवळ सारखेच दिसतात. त्यामुळे नेहमीच्या यंत्रावरच्या पावडर मोजणीतून कोबाल्ट कोणत्या जागेवर किती आहे ते दोन दशांशांपर्यंत सांगणं धाडसाचं आहे. सॉफ्टवेअर आकडा देईल, नाही म्हणणार नाही. त्यावर किती भरवसा ठेवायचा ते आपण ठरवायचं.

कोयनेचे गाभे

मोजणी जपण्याबद्दल बोलतोय, तर साताऱ्यातलंच एक उदाहरण घेऊ. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेला मोठा भूकंप झाला. या भूकंपांचं मूळ समजून घ्यायला तिथे दीड किलोमीटरपर्यंत खोल बोअर घेतले गेले, आणि २०१६-१७ मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोल पथदर्शी बोअर झाला. या कामासाठी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडला आहे. बसाल्टचे थर आणि त्याखालचा ग्रॅनाइटी खडक यांचे गाभे त्यातून मिळाले.

असा गाभा पुन्हा मिळवायचा तर पुन्हा बोअर घ्यायला हवा. भूगर्भातल्या भेगांमध्ये कोणती चिकणमाती आहे यावर खडक किती सहज सरकेल हे बऱ्याच अंशी ठरतं, आणि ती ओळखायला पावडर एक्सआरडी लागतं. अशा दगडाची मोजणी जर फक्त चित्र म्हणून उरली, तर दहा वर्षांनी चांगलं मॉडेल आलं तरी ते कशावर लावणार? आपल्या कॉलेजातला फेराइटचा नमुना काही कोयनेचा गाभा नाही, हे मान्य. पण तोही दोन वर्षांनी बाटलीत ओल धरतो, लेबल निघून जातं, आणि तो करणारा विद्यार्थी नोकरीला लागलेला असतो.

मग ठेवायचं काय? एका नमुन्याला एक फोल्डर करा. त्यात यंत्राने दिलेली मूळ फाइल, हात न लावता. तिच्यापासून केलेली एक्सवाय किंवा सिफ प्रत. त्याच यंत्रावरच्या प्रमाणित नमुन्याची फाइल. सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल, फुलप्रॉफ असेल तर पीसीआर. आणि एक साधी मजकुराची फाइल: नमुना कोणता, कधी मोजला, नळी कोणती, किती सेकंद, कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती. सगळं मिळून काही एमबी सुद्धा भरत नाही. लग्नाच्या एका फोटोला याहून जास्त जागा लागते.

प्रश्न आणि उत्तरं

एका विद्यार्थिनीने विचारलंय, ‘माझ्याकडे जुना छापील आलेखच आहे, काही करता येईल का?’ येईल. आलेखावरून आकडे काढणारी सॉफ्टवेअरं आहेत. शिखरांच्या जागा बऱ्यापैकी मिळतात, नमुना ओळखायला पुरतात. पण रुंदीवर विश्वास ठेवू नका आणि रीटव्हेल्ड करू नका. आणि आकडे आलेखावरून काढले आहेत असं प्रबंधात स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरा प्रश्न, ‘सर म्हणतात आलेख स्मूद करून लाव, नाहीतर परीक्षक विचारतील.’ सरांना नम्रपणे सांगा की चित्रात दाखवायला स्मूद केलेला वेगळा लावते, हिशोब मात्र मूळ मोजणीवर केलाय. चित्राखाली तसं लिहा. परीक्षक विचारतीलच, पण मग तुमच्याकडे उत्तर असेल.

तिसरा, ‘यंत्र आमचं नाही, मूळ फाइल मागितली तर देतील का?’ आमचा अनुभव असा की मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात. अडचण ही आहे की आपण मागतच नाही. नमुन्याच्या फॉर्मवर रिकामी जागा असते, तिथे दोन ओळी लिहा: ‘मूळ फाइल हवी. प्रमाणित नमुन्याची अलीकडची फाइल असल्यास तीही हवी.’ त्याच फॉर्मवर सुरुवातीचा कोन आपल्या नमुन्याप्रमाणे लिहा, शेजाऱ्याचा बघून नको.

वेळ झाली, थांबतो. घरी गेल्यावर आपली जुनी एखादी फाइल शोधा, प्रत करून नोटपॅडमध्ये उघडा आणि तिच्यात तरंगलांबी सापडते का ते बघा. नाही सापडली, तर ज्यांच्याकडे मोजणी केली त्यांना उद्याच मेल करा. त्यांच्या संगणकावरून ती पुसली जाण्याआधी.